हाक कोणाची होती?

डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासणीचा कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "साखर अजून उंबरठ्यावर उभी आहे," त्या म्हणाल्या. "आत यायच्या आधी काहीतरी हालचाल करा. लहानपणी काही खेळत होता का?"

या प्रश्नाला त्रुटीरावांनी "नाही" म्हटलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण समोर डॉक्टर, शेजारी बायको आणि वय चौपन्न. अशा बैठकीत पुरुषाच्या तोंडून खरं उत्तर सहसा निघत नाही.

"क्रिकेट," ते म्हणाले. "बऱ्यापैकी खेळायचो."

बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात ही माहिती तिला नवीन होती.

"उत्तम!" डॉक्टरीणबाई खुलल्या. क्रिकेटने हृदय मजबूत होतं, दम वाढतो, तोल सुधारतो, नजर आणि हात यांचा मेळ बसतो, चार माणसांत मिसळल्याने मन प्रसन्न राहतं, असं त्यांनी सावकाश, एकेक बोट दुमडत सांगितलं. मग आवाज उतरवून, एका श्वासात म्हणाल्या, "खांदा, गुडघा, कंबर, बोटं जरा सांभाळा, उन्हात पाणी पीत राहा, चेंडू तोंडावर येऊ देऊ नका, बाकी काही नाही. पुढचा पेशंट!"

जिना उतरताना बायकोने विचारलं, "तुम्ही बॅटिंग करायचा की बोलिंग?"

"तसं सगळंच."

"सगळंच म्हणजे?"

"चेंडू कोणाच्या घरात गेला की मी मागून आणायचो," त्रुटीराव म्हणाले. "माझा चेहरा गरीब होता, लोक रागवायचे नाहीत."

आता नावाविषयी. त्रुटीराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या आस्थापना शाखेत ते हेडक्लार्क होते. तिथे रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावरून पहिल्या फेरीत सुटला, असं एकतीस वर्षांत कुणाच्या पाहण्यात नव्हतं. तारीख पुसट आहे, कारण मोघम आहे, समास कमी सोडला आहे. खाली लाल शाईत ठरलेलं वाक्य: "त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा." आजीच्या निधनासाठी रजा मागणाऱ्याला त्यांनी "आजी आईकडील की वडिलांकडील?" असं विचारून अर्ज परत केला होता. माणूस दुष्ट नव्हता. नियमाला धरून होता एवढंच. त्यांच्या सेवापुस्तकात एकतीस वर्षांत ठपक्याचा एक शब्द नव्हता आणि उरलेली चार वर्षंही तशीच कोरी पार पडावीत, याखेरीज त्यांची आयुष्याकडून काही मागणी नव्हती.

चहाच्या वेळी त्यांनी सहज म्हणून डॉक्टरीणबाईंचा सल्ला शेजारच्या टेबलाला सांगितला. ऑफिसात सहज सांगितलेली गोष्ट परिपत्रकापेक्षा लवकर फिरते. साडेबाराला मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं.

"बसा," साहेब म्हणाले. हे साहेब स्वतः सत्तावन्नचे, गोल, घामट आणि उत्साही. "वीज खात्याविरुद्ध आपली मॅच आहे, माहीत आहे ना? यंदा नवा नियम निघालाय. टीममध्ये पन्नाशीपुढचे किमान दोघं पाहिजेत. एक मी आहे."

"छान," त्रुटीराव म्हणाले.

"दुसरा मिळत नाहीये. कुणाचा मोतीबिंदू, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या पोटात व्रण. आणि आमच्या नाकाखाली एक जुना खेळाडू बसलाय, आणि आम्हाला पत्ता नाही!"

"साहेब, मी फक्त..."

"बऱ्यापैकी खेळायचा म्हणे?"

बऱ्यापैकी हा शब्द डॉक्टरांच्या खोलीतून साहेबांच्या खोलीत कसा पोचला, याचा उलगडा त्रुटीरावांना शेवटपर्यंत झाला नाही. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. साहेबांनी ती होकारार्थी धरली.

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतीत पोचली. वरच्या मजल्यावरचे ड्रिलमास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी न काढलेले गृहस्थ, लगेच खाली उतरले. "आधी शरीर सैल करायचं," त्यांनी हुकूम सोडला. "खेळताना कुणाला काही होत नाही. होतं ते न तापलेल्या शरीराला होतं. वाका! अंगठे धरा!"

त्रुटीराव वाकले. अंगठे दिसले. धरायला म्हणून आणखी चार बोटं खाली गेले आणि कमरेत असं काहीतरी झालं की ते तिथेच थांबले.

"शाबास, आता वर या," मास्तर म्हणाले.

"येता येत नाहीये."

समोरच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "उसण भरली. आमच्या दिरांना अशीच भरली होती."

"मग?" बायकोने काळजीने विचारलं.

"मग काय, गेले. म्हणजे उसणीने नाही, पुढे सात वर्षांनी गेले. पण सुरुवात अशीच."

तीन दिवस त्रुटीराव काटकोनात ऑफिसला गेले. लोकांना वाटलं, माणूस नम्र झाला. चौथ्या दिवशी सराव सुरू झाला. पहिल्या संध्याकाळी त्यांनी सहा चेंडू टाकले आणि खांदा भरून आला. दुसऱ्या संध्याकाळी झेल घ्यायचा सराव होता. झेल हातात आला तो करंगळीमार्गे, आणि करंगळी भेंडीएवढी फुगली. तिसऱ्या संध्याकाळी ते नुसतेच कडेला उभे होते, कुणाला काही त्रास न देता, तर पोटरीत गोळा आला. घरी बायको रोज नवीन ठिकाणी मलम चोळायची. "आज कुठे?" एवढंच विचारायची. कॉलेजात जाणाऱ्या लेकीने फ्रिजवर माणसाच्या शरीराचं चित्र चिकटवलं आणि रोज संध्याकाळी त्यावर एक लाल फुली मारायला सुरुवात केली.

"अहो, सोडा ना हे," बायको एकदा म्हणाली. "तब्येतीसाठी चाललंय म्हणता, आणि रोज थोडे थोडे कमी होऊन घरी येता."

"नाव गेलंय वर," ते थकून म्हणाले. "तंदुरुस्तीचा दाखलाही जोडलाय."

तो दाखला त्यांनीच मागितला होता. नियमात होता. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं, "सर्व प्रकारच्या मैदानी खेळांस पूर्णतः योग्य." त्रुटीरावांनी त्यातलं "पूर्णतः" हे वाक्यरचनेच्या दृष्टीने अनावश्यक असल्याचं सांगून पाहिलं. पण त्या उत्साहात होत्या.

सामना रविवारी सकाळी होता. वीज खात्याने सोळा षटकांत एकशे अकरा धावा काढल्या. त्या सर्व वेळात त्रुटीरावांना चेंडू कधी येत नाही अशा जागी उभं केलं होतं. तिथे तो चार वेळा आला. दोनदा पायांमधून गेला, एकदा नडगीवर बसून थांबला आणि एकदा त्यांनी स्वच्छ अडवला. तो नंतर मेलेला चेंडू, म्हणजे 'डेड बॉल' निघाला. पंचांनी आधीच खेळ थांबवला होता, हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. टाळ्या मात्र पडल्या. त्या टाळ्यांनी त्यांना जरा बरं वाटलं, हे खरं. ऊन चढलं होतं, घसा सुकला होता, आणि तरी छातीत काहीतरी तरुण धडधडत होतं. डॉक्टरीणबाई म्हणतात ते हृदय मजबूत होणं हेच असावं, असं त्यांना वाटलं.

मग पाणीपुरवठ्याची पाळी आली. तरुण पोरं पटापट आली आणि पटापट परत गेली. शेवटची जोडी उरली पन्नाशीपुढच्यांची. एका बाजूला मोठे साहेब, दुसऱ्या बाजूला त्रुटीराव. एक चेंडू, दोन धावा हव्यात. चेंडू साहेबांना खेळायचा होता.

साहेबांनी बॅट फिरवली. चेंडू समोर, जरा उजवीकडे गेला. साहेब ओरडले, "हो!"

एकतीस वर्षांत साहेब "हो" म्हणाले आणि त्रुटीराव हलले नाहीत असं झालं नव्हतं. ते निघाले. पहिली पाच पावलं जड गेली, मग उताराला लागल्यासारखी आपोआप पडू लागली. अर्ध्या वाटेवर साहेबांना क्षेत्ररक्षकाच्या हातात चेंडू दिसला. ते ओरडले, "नाही!" आणि गर्रकन वळले. म्हणजे वळायला गेले. त्रुटीरावांनी ते "नाही" नीट ऐकलं. पण त्यांचा वेग आता त्यांच्या मालकीचा राहिला नव्हता.

जो आवाज झाला, तो मैदानाच्या कडेला बसलेल्या लेकीने पुढे अनेकांना करून दाखवला. कपाट जिन्यावरून पडल्यासारखा.

दोघं खेळपट्टीच्या मधोमध आडवे होते आणि वीज खात्याच्या यष्टिरक्षकाने शांतपणे यष्ट्या उडवल्या. मग वाद सुरू झाला. बाद कोण? जो त्या टोकाला जवळ तो. पण जवळ कोण? पंचांनी पाणीपुरवठ्याचीच पाइप मोजायची फीत मागवली. त्रुटीराव डोळे मिटून पडले होते आणि त्यांच्या कानाशी कुणीतरी म्हणत होतं, "हेडक्लार्कसाहेब, हलू नका, माप चुकेल." साहेब चार इंचांनी बाद ठरले. मग दोघांना एकाच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

साहेबांचा गुडघा पिळवटला होता. त्रुटीरावांचं गळ्याखालचं, हासळीचं हाड मोडलं होतं. उजवा हात गळ्यात. सहा आठवडे.

सहा आठवडे म्हणजे रजा. त्रुटीरावांनी अर्ज लेकीला सांगितला आणि डाव्या हाताने सही केली. समास भरपूर सोडला होता, कारण नेमकं होतं, तारीख ठळक होती. तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. खाली लाल शाई.

आस्थापना शाखेतल्या कनिष्ठ लिपिक बाई फोनवर अगदी ओशाळून बोलल्या. "सर, सही सेवापुस्तकातल्या नमुन्याशी जुळत नाही."

"अहो, उजवा हात बांधलाय! अर्जात लिहिलंय तसं."

"हो सर. पण हात बांधल्याचं तुम्ही लिहिलंय, आणि त्याखालची सही तुमची आहे की नाही तेच ठरत नाहीये. तुम्हीच शिकवलंत ना सर."

शिकवलं होतं खरं.

"आणि सर, दुसरी एक त्रुटी आहे. तुम्ही आजारी रजा मागितली आहे, पण फाइलला 'पूर्णतः योग्य' असा दाखला लावलाय. वीस दिवसांपूर्वीचा."

सहीसाठी साक्षीदार आणले. दाखल्यासाठी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं आणि आनंदाने टाळी वाजवली. "साखर खाली आली की! बघा, मानवलं तुम्हाला क्रिकेट!" गळ्यातल्या झोळीकडे त्यांचं लक्ष नंतर गेलं.

एवढ्यात मुख्य कार्यालयात कुणीतरी नियम उघडला. खात्याच्या वतीने खेळणारा कर्मचारी कामावर आहे असं धरावं. मग हा खेळ नव्हे, कामावरचा अपघात. कामावरचा अपघात म्हटला की चौकशी. चौकशी म्हटली की कोणाची तरी चूक. एक चौकशी अधिकारी आले. बारीक, सुकलेले, क्रिकेट कधीही न पाहिलेले. त्यांनी मैदानाचा नकाशा काढला, दोन बाणांनी दोन माणसं दाखवली आणि जिथे बाण भिडत होते तिथे फुली मारली. मग दोघांना एकच प्रश्न लेखी पाठवला: "हाक कोणाची होती?" खाली सूचना होती. जबाब होईपर्यंत संबंधितांनी आपसात बोलू नये.

इथे त्रुटीरावांची झोप उडाली. हाक साहेबांची होती, असं लिहिलं तर आपला गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या माणसावरच ठपका ठेवल्यासारखं झालं असतं. आपली होती, असं लिहिलं तर एकतीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकात पहिली नोंद पडली असती, आणि तीही खोट्यासाठी.

"ऐकू आलं नाही म्हणा," बायको म्हणाली. "या वयात ते शोभेल."

"नियमाने बोला," ड्रिलमास्तर शिट्टी चाचपत म्हणाले. "चेंडू पुढे गेला तर हाक खेळणाऱ्याची, मागे गेला तर समोरच्याची. चेंडू पुढे होता. हाक साहेबांचीच. कायदा तुमच्या बाजूने आहे."

"आमच्या दिरांच्या वेळीही कायदा त्यांच्या बाजूने होता," काकूंनी सुरुवात केली, आणि बायकोने त्यांना चहा दिला.

या सगळ्यात आणखी एक अवघड प्रकार होता. हाडांच्या डॉक्टरांनी दोघांनाही एकाच ठिकाणी, आठवड्यातून तीनदा, एकाच वेळी व्यायामाला पाठवलं होतं. तिथे बसायला एकच बाक. साहेब कुबडी घेऊन एका टोकाला, त्रुटीराव झोळी घेऊन दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये शासकीय सूचना. पहिल्या दिवशी साहेबांनी घसा खाकरला. त्रुटीरावांनी भिंतीवरचा पाठीच्या कण्याचा तक्ता वाचला. दुसऱ्या दिवशी साहेबांची कुबडी खाली पडली. त्रुटीरावांनी डाव्या हाताने उचलून दिली. साहेबांनी मान लववली. त्या मान लववण्याचा आपसात बोलण्यात समावेश होतो का, या विचाराने त्रुटीराव घरी पोचेपर्यंत अस्वस्थ होते.

जबाब द्यायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी लेकीला समोर बसवलं. "लिही. सदर प्रसंगी मैदानात गोंगाट असल्याने हाक कोणाची होती हे मला ऐकू आले नाही."

लेकीने लिहिलं. मग पेन थांबवलं. "पण बाबा, तिथे गोंगाट नव्हता. प्रेक्षक आम्ही अकराच होतो."

त्रुटीरावांचं मोडलेलं हाड ठणकत होतं, करंगळी अजून वाकत नव्हती, आणि सगळ्या अंगाला कंटाळा आला होता, इतका की खोटं बोलायलासुद्धा ताकद लागते हे त्यांना प्रथमच कळलं.

"फाड तो कागद," ते म्हणाले. "लोकांचे खोटे दाखले आयुष्यभर परत पाठवले. आता माझाच कुणाला तरी परत पाठवावा लागेल. लिही: हाक साहेबांची होती. मी धावलो. मध्येच साहेब 'नाही' म्हणाले. तेही मी ऐकले. परंतु तोपर्यंत माझे शरीर माझ्या ताब्यात राहिले नव्हते. थांबता न येणे ही माझी चूक आहे. ती वयाची की वेगाची, हे मला सांगता येत नाही."

लेकीने अक्षर न अक्षर लिहिलं आणि वडिलांकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. डाव्या हाताची सही या वेळी निदान त्यांच्या नावासारखी दिसत होती.

जबाब गेला. आठ दिवस काही नाही. त्या आठ दिवसांत त्रुटीरावांनी निवृत्तीचे, बदलीचे आणि बडतर्फीचे नियम पुन्हा वाचले. नवव्या दिवशी ते व्यायामाला गेले तेव्हा साहेब आधीच बाकावर होते. हातात लिफाफा होता.

"निकाल आला," साहेब म्हणाले. "आता बोलायला हरकत नाही."

त्रुटीराव बसले.

"मी काय लिहिलं होतं माहीत आहे?" साहेबांनी विचारलं. "लिहिलं, हाक माझी, नकारही माझा. हेडक्लार्क माझ्या शब्दावर निघाले, त्यांचा दोष नाही."

त्रुटीरावांनी सवयीने लिफाफ्यावरची तारीख पाहिली.

"मला वाटलं होतं, तुम्ही मला वाचवायला ऐकू आलं नाही असं लिहाल," साहेब म्हणाले. "मग निकालासोबत जबाबांच्या प्रती आल्या, त्यात तुमचं ते थांबता न येण्याचं वाचलं. तीनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं."

"मला वाटलं होतं, तुम्ही मला बुडवाल," त्रुटीराव म्हणाले. इतकं खरं वाक्य ते साहेबांशी कधीच बोलले नव्हते.

"मलाही दोन दिवस तसंच करावंसं वाटत होतं," साहेब म्हणाले, आणि दोघंही जरा हसले. हसल्यावर दोघांनाही दुखलं.

निकाल असा होता. दोन्ही जबाब परस्परांशी जुळत असल्याने संशयास जागा नाही. कोणावरही ठपका नाही. मात्र भविष्यात असे प्रसंग टाळण्यासाठी खात्याच्या सामन्यांत धावांबाबतच्या हाका यापुढे लेखी स्वरूपात देण्यात याव्यात, अशी चौकशी अधिकाऱ्यांनी शिफारस केली होती.

त्रुटीरावांनी ते दोनदा वाचलं. "दोन प्रतींत की एका?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

साहेब एवढे हसले की कुबडी पुन्हा खाली पडली.

आतून व्यायामवाल्या बाईने हाक मारली. तरुण, कडक, पांढरे बूट. तिने दोघांना समोरासमोर खुर्च्यांवर बसवलं आणि एक लाल रबरी चेंडू दिला. हळू फेकायचा, हळू धरायचा, हाताला आणि तोलाला बरं. दहा वेळा. सांगून ती पलीकडच्या पेशंटकडे गेली.

साहेबांनी फेकला. त्रुटीरावांनी डाव्या हाताने सोडला. त्यांनी फेकला, साहेबांच्या पोटावर आपटला. तिसऱ्या, चौथ्या वेळी जमू लागलं. मग साहेब मोजू लागले, मोठ्याने. सहा. सात. आठव्याला त्रुटीरावांनी खुर्चीवरून अर्धवट उठून, झोळी सांभाळत, चेंडू हवेत टिपला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आउट!"

"आउट कसा? टप्पा पडलाय!" साहेब गरजले.

"मुळीच नाही! मी खाली पाहत होतो!"

"मग चेंडू कोण पाहत होतं?"

व्यायामवाली बाई कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. "इथे खेळायचं नाही," ती म्हणाली. "व्यायाम करायचा."

दोन सरकारी नोकरांनी शाळकरी मुलांसारख्या माना खाली घातल्या. ती वळून गेली. साहेबांनी चेंडू दोन्ही हातांत धरला, दाराकडे एकदा पाहिलं आणि पुढे झुकून अगदी हळू विचारलं, "हो?"

"हो," त्रुटीराव म्हणाले.